सारवलेल्या अंगणातली पावलं

एकदा एक तरुणी घाटाखालच्या एका गावात राहायला आली, आणि पहिल्याच आठवड्यात एका घोंगडीने तिचं मन अस्वस्थ केलं.

गावात बारसं होतं. सगळ्या बायका जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. ही दारात दिसताच घरच्या बाईने आतून कोरी घोंगडी आणली, तिची चौघडी केली आणि भिंतीशी अंथरली. "बाई, तुम्ही इथं बसा." घुगऱ्यांचा पहिला द्रोणही तिच्याच हातात आला. तो बहुमानच होता. तरीही त्या मऊ घोंगडीवर बसल्या बसल्या तिला काहीतरी टोचत राहिलं. काय, ते कळेना.

तीन वर्षं झाली, तरी ती जिथे जाईल तिथे घोंगडी अंथरली जातच होती.

ती घाटावरच्या कोरड्या मुलखातली. शहरात पुष्कळ शिकलेली, आणि त्या गावातल्या एका वृद्ध वैद्यांकडे वनस्पतींची विद्या शिकायला आलेली. शिकता शिकता तिला गाव आवडलं, आणि इथेच राहायचं असं तिने ठरवलं. वैद्यांच्या झोपडीपलीकडची थोडी पडीक जमीन गावाने तिला आनंदाने दिली. तिथे तिने हळद लावली.

स्वभावाने ती भित्री होती. कुणाच्या हातून भांडं पडलं तरी दचकायची. कुणी आवाज चढवला की तिचे तळहात घामेजत. म्हणून आपल्यावर आवाज चढवण्याची वेळ कुणावर येऊच नये, असं ती वागे. तिथल्या बायकांसारखं लुगडं नेसायला शिकली. नाचणीची भाकरी थापायला शिकली. आंबलेली आंबील प्यायला दिली, तर डोळे मिटून प्यायची आणि वर म्हणायची, "छान झाली आहे." कुणालाही कधी 'नाही' म्हणाली नाही.

त्या गावात ज्याला त्याला टोपणनाव होतं. काढ्यांपायी वैद्यांना सगळे 'कडूआबा' म्हणत. पाटील कधी एका जागी उभे राहत नसत, म्हणून 'घाईपाटील'. शेजारची सगुणाकाकी हाक मारायची ती पलीकडच्या वाडीत ऐकू जाई, म्हणून ती 'नगारा'. ही सगळी नावं तोंडावर घेतली जात, आणि ज्याची त्याला ती मान्यही होती. हिला मात्र सगळे आदराने 'बाई' म्हणत.

हे सगळं तिने सोसलं असतं, पण प्रश्न पाण्याचा होता. पाऊस सरला की कार्तिकात सारं गाव ओढ्यावर जमे, दगडमातीचा बांध घाली, आणि अडलेलं पाणी पाटाने शेतांना नेई. नियम जुना आणि साधा होता. ज्या घरचा हात बांधाला लागला, त्या घराला पाण्याची पाळी. ती दरवर्षी ओढ्यावर जाई आणि दरवर्षी जांभळाखाली घोंगडी अंथरलेली असे. "तुम्ही कशाला चिखलात उतरता, बाई? बसा, गूळपाणी घ्या." ती बसे. मग गड्डे भरण्याआधीच हळद वाळून जाई, आणि गाव हळहळून तिच्या दारात भाजीच्या टोपल्या आणून ठेवी.

या वर्षी घरून निरोप आला होता, "हळद यंदाही गेली तर परत ये. किती दिवस दुसऱ्यांच्या टोपल्यांवर जगशील?"

बांधाच्या आदल्या दिवशी ती वैद्यांपुढे जाऊन बसली. म्हणाली, "आबा, तुमच्या पाळीतलं थोडं पाणी मला द्याल?"

"देईन की," वैद्य म्हणाले. "पण ते माझं पाणी असेल. तुझी हळद माझ्या पाण्यावर वाढेल. चालेल तुला?"

वैद्य उठले. "चल जरा माझ्याबरोबर. आणि पायताण राहू दे इथेच."

ते तिला आधी ओढ्यावर घेऊन गेले. काठच्या काळ्या चिखलात घोट्यापर्यंत उतरले, तिलाही उतरवलं. मग तसेच सगुणाकाकीच्या घराकडे निघाले. काकीने पावसाळ्यानंतरचं नवं अंगण नुकतंच चोपून सारवलं होतं. त्यावर शेणाचा ओला हिरवा हात अजून चमकत होता. वैद्य सरळ त्या अंगणातून चालत पडवीपर्यंत गेले. मागे काळी पावलं उमटली.

काकी दारातून पाहत होती. तिचा नगारा वाजला.

"आबा, डोळे आहेत की विकून खाल्ले? सकाळपासून कंबर मोडली माझी या अंगणापायी. म्हातारचळ लागलाय तुम्हाला. उद्या तुमचा तो कडू काढा तुमच्याच नरड्यात ओतते, थांबा."

शिष्या जागच्या जागी थिजली. तिला वाटलं, आपण पळून जावं. वैद्यांनी मात्र तिला खुणेने बोलावलं. तिने डोळे मिटल्यासारखं करून पाऊल टाकलं. तिच्याही मागे तशीच काळी पावलं उमटली.

काकीचा आवाज एकदम उतरला. "असू द्या, असू द्या, बाई. अंगणच ओलं होतं, माझंच चुकलं. या, बसा." आणि ती घोंगडी आणायला आत गेली.

परतताना ती म्हणाली, "आबा, हे काय केलंत तुम्ही? बिचारीची सगळी मेहनत वाया घालवलीत."

"मी उद्या तिला शेण आणून देईन, आणि शिव्याही खाईन," वैद्य म्हणाले. "पण तू पाहिलंस ना? माझ्या पायांचा आणि तुझ्या पायांचा चिखल एकाच ओढ्यातला. मला बोलणी मिळाली, तुला माफी मिळाली. बोलणी त्याला मिळतात, ज्याच्याकडून काही अपेक्षा असते. पाहुण्याचं काही चुकतच नाही, कारण तो उद्या जाणार असतो. तीन वर्षं तू या गावातून माफीच गोळा करते आहेस."

तिला राग आला. वैद्यांसमोर राग आल्याची ही पहिलीच वेळ. "म्हणजे दोष माझा? मी चांगलं वागले हा दोष? ते मला चिखलात उतरू देत नाहीत, त्याचं काय?"

"दोष त्यांचाही आहे," वैद्य शांतपणे म्हणाले. "पण त्यांना तो दोष वाटत नाही. त्याला ते आदरातिथ्य म्हणतात. इतकी गोड गोष्ट कुणी आपणहून सोडत नाही, ती मोडावी लागते. उद्या मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. मी बोललो तर तू माझी पाहुणी होशील, एवढंच."

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर गाव जमलं. जांभळाखाली घोंगडी होतीच. तिने ती उचलली, नीट घडी केली, आपल्या वाटचे चार दगड लावून काठावर बसलेल्या वैद्यांच्या मांडीवर ठेवली आणि लुगड्याचा काचा मारून पाण्यात उतरली.

काठापासून बांधातल्या मधल्या, अजून न बुजलेल्या फटीपर्यंत माणसांची रांग होती. दगड हातोहात पुढे जात होते. ती रांगेत शिरली. अलीकडच्या माणसाने हसून दगड तिच्या डोक्यावरून पलीकडच्याला दिला. पुढचाही तसाच गेला. तिच्या पसरलेल्या हातांना एकही दगड लागला नाही. कुणी रागावलं नाही, कुणी हटकलंही नाही.

फटीत उभा असलेला गडी गारठून काठावर चढला. ओढा सारा जोर त्या फटीतून काढत होता. तिथे उभं राहणारा हाळी घालतो, "दगड". रांग ओरडते, "घे". आणि दगड निघतो. हाळीला उत्तर आल्याशिवाय दगड हलत नाही, म्हणजे पाण्यातला माणूस बेसावध सापडत नाही. दुसरं कुणी उतरण्याआधी ती तिथे जाऊन उभी राहिली. पाणी कमरेला धडका देत होतं.

"दगड," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला.

रांग एकमेकांकडे पाहू लागली. घाईपाटील काठावर येरझाऱ्या घालायला लागले. "बाई, वर या बरं. पडसं होईल. आम्ही आहोत ना."

"मी वर येणार नाही," ती म्हणाली. असं वाक्य या गावात ती प्रथमच बोलत होती, आणि बोलून झाल्यावर स्वतःच दचकली. "हळद माझी वाळते. तुमच्या टोपल्या मला नकोत, पाटील. मला पाण्याची पाळी हवी."

"आबा, तुमच्या शिष्येला समजवा काहीतरी."

"मला हल्ली कमी ऐकू येतं," वैद्य म्हणाले आणि घोंगडीवर हात फिरवत बसून राहिले.

"दगड," तिने पुन्हा हाळी घातली. कुणी हललं नाही. सारं काम थांबलं होतं, कारण फटीत ती होती, आणि ती हलत नव्हती. तिला वाटलं, आता सगळे रागावतील. मग तिच्या लक्षात आलं, की तेच तर हवं आहे. तिने छाती भरून श्वास घेतला. आयुष्यात इतक्या मोठ्याने ती कधी ओरडली नव्हती.

"दगड. कान फुटलेत का सगळ्यांचे?"

मग रांगेच्या मधोमध नगारा वाजला.

"घे गं, घे. किती बोंबलशील? पाय रोव नीट, हळदवाले, वाहून गेलीस तर मी येणार नाही काढायला. आणि माझ्या अंगणात जो चिखल नेलास ना, तो काढून उद्या सकाळी आपल्या हाताने अंगण सारवून द्यायचं. समजलं?"

दगड हातोहात निघाला होता. तिने दोन्ही हात पुढे केले.