रंगीत की करडी

“एकच ठेवायची आहे. रंगीत की करडी?”

दयाळपुरी महाराजांनी विचारलं आणि दोन्ही डब्या चटईवर ठेवल्या. हातात मावतील एवढ्या, वाट दाखवणाऱ्या जीपीएसच्या डब्या. एकीची स्क्रीन रंगीत, दुसरीची साधी करडी.

“करडी,” केदारपुरी म्हणाला. महाराजांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं.

महाराजांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

झालं. केदारच्या मनात पाल चुकचुकली. आपण फार लवकर बोललो की काय?

त्याला एवढी घाई का, ते आधीच सांगून टाकतो. ह्या पठ्ठ्याला जन्मापासून तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही. दोन्ही त्याला सारखंच, वाळक्या शेणीसारखं. मठात येऊन इतकी वर्षं झाली, पण त्यानं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. मठातला सगळ्यात हुशार शिष्य तो. हुशार माणसाला स्वतःचं उणं सांगायचं म्हणजे जिवावर येतं.

दर माघात गावोगावची माणसं मठात जमतात आणि डोंगरमाथ्यावरच्या पादुकांना जातात. आजवर पुढं महाराज चालायचे. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे धरले, माणसं आपली आपण निघाली, धुक्यात फाटा चुकली आणि एक म्हातारा कड्यावरून गेला.

म्हणून मुक्ताराम नावाच्या मोजणीदार भक्तानं ह्या दोन डब्या आणून दिल्या होत्या. बघा, एक ठेवून घ्या, दुसरी परत न्यायची आहे. डोंगराचा नकाशा दोन्हींत त्यानंच भरला होता. रंगीत डबीत चालायची वाट हिरवी, कड्याकडं जाणारी तांबडी. करडीत रंगच नाहीत, म्हणून चालायची वाट सलग रेघेची आणि कड्याची तुटक रेघेची.

डबी ज्याच्या हाती, तो यंदा सगळ्यांच्या पुढं चालणार. केदारला ते हवं होतं. इतकं हवं होतं की अन्न गोड लागत नव्हतं.

“करडीच का?” महाराजांनी विचारलं.

“सेल जास्त टिकतात, महाराज. डोंगरावर दुसरे कुठून आणायचे?”

“खरं आहे.”

“आणि भर उन्हात ही स्पष्ट दिसते. रंगीत झाकोळते.”

“तेही खरं.”

“शिवाय हिच्यात डोळ्याला भुलवणारं काही नाही. माणूस वाटच बघतो.”

“हं.”

“आणि शेवटी आपण संन्यासी. आपल्याला रंग कशाला हवेत?”

महाराजांनी त्याच्या भगव्या कफनीकडं पाहिलं.

“मग ही कुठल्या रंगाची रे?”

कोपऱ्यात दुसरा शिष्य उत्तमपुरी चिंचेच्या कोळानं समई घासत बसला होता. तो खुदकन हसला.

केदारनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. हा का हसला? ह्याला ठाऊक आहे. परवा आपण दोरीवरून ह्याचं तांबडं पांघरूण आपलं हिरवं समजून उचललं, तेव्हाच ह्यानं ताडलं असणार. आणि लगेच जाऊन महाराजांच्या कानाला लागला असणार. वरून गरीब गाय, आणि आतून... केदारला असं वाटत गेलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

“केदार, परसातनं दोन तांबड्या मिरच्या आण,” महाराज म्हणाले. “ठेच्याला हव्यात.”

आता मिरच्या? ह्या वेळी? आणि तांबड्याच?

केदार परसात गेला. झाडं मिरच्यांनी लगडली होती. एरवी तो बोटांनी चाचपून काढायचा, पिकलेली जरा मऊ लागते. आज तेवढा धीर नव्हता. कुठंतरी पाणी मुरतंय खास. मला उघडं पाडायला बसलेत दोघं.

त्यानं तोडता आल्या तेवढ्या तोडल्या आणि महाराजांपुढं ओंजळ रिकामी केली.

“घ्या. ह्यातल्या हव्या त्या निवडा.”

महाराज मिरच्यांकडं बघत राहिले... मग केदारकडं.

“दोन मागितल्या, ओंजळभर आणल्यास. एक कारण विचारलं, चार दिलीस.”

“चारही खरी आहेत, महाराज.”

“आहेत ना. म्हणून तर मला शंका येते.”

“कसली?”

“पाचव्याची.”

केदारनं मिरच्यांवर नजर खिळवली. समई घासण्याचा आवाज तेवढा येत होता.

“ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?” महाराज म्हणाले.

“मी काही लपवत नाही.”

“बरं.” महाराजांनी रंगीत डबी चालू केली आणि त्याच्या हातात दिली. “यंदा पुढं तू चाल. ही घेऊन.”

ज्याच्यासाठी अन्न गोड लागत नव्हतं, ते हातात पडलं होतं. केदारनं स्क्रीनकडं पाहिलं. एका फाट्यावरून दोन रेघा निघाल्या होत्या. दोन्ही शेणी रंगाच्या. कुठली पादुकांकडं जाते आणि कुठली कड्याकडं, काही केल्या कळेना.

गप्प बसलं तर निभावेल, त्याला वाटलं. वाट आपल्या पायाखालची आहे. धुकं नसलं तर...

आणि असलं तर? मागं माणसं असतील. म्हातारीकोतारी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. आपण वळू तिकडं ती वळतील. गेल्या वर्षी गेलेल्या म्हाताऱ्याचा फेटा उत्तमनंच कड्याखालून आणला होता. तो केदारच्या डोळ्यांसमोर आला.

त्यानं डबी चटईवर ठेवली.

“महाराज, मला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही. जन्मापासून.”

...

समई घासण्याचा आवाज थांबला.

“तुम्हाला ठाऊकच होतं,” केदार म्हणाला. “ह्या उत्तमनंच सांगितलं असणार. म्हणून तर मिरच्या आणायला लावल्यात.”

“मिरच्या ठेच्याला हव्या होत्या,” महाराज म्हणाले. “बाकीचं आत्ता कळलं. तुझ्याच तोंडून.”

केदारनं वळून पाहिलं. उत्तम चिंचेनं माखलेले हात तसेच धरून, तोंडाचा आ करून बसला होता. असं तोंड कुणाला मुद्दाम करता येत नाही. केदारला मेल्याहून मेल्यासारखं झालं.



मग महाराजांनी करडी डबी उचलली आणि मुक्ताराम ठेवून गेलेल्या पिशवीत टाकली.

“ही परत जाऊ दे.”

“बरोबर आहे,” केदार खाली मान घालून म्हणाला. “उत्तमला पुढं चालू दे. त्याला रंग दिसतात.”

“पुढं तूच चालायचंस.”

“रंगीत घेऊन? महाराज, मला फाट्यावर कळणार नाही...”

महाराजांनी डबी त्याच्या हातात दिली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटली.

“करडी घेतलीस तर तुला कुणाला विचारावंच लागणार नाही. उत्तम तुझ्या मागं असेल. दर फाट्यावर थांबायचं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला विचारायचं.”