मागे बांधलेली गाडी

कृष्णाकाठच्या एका गावात गजाबा नावाचा एक ड्रायव्हर राहत होता. उभा जन्म त्याने एसटी चालवली. निवृत्त झाला, पण स्वस्थ बसणं त्याला जमेना. ओट्यावर बसला तरी त्याचा उजवा पाय उगाच जमीन दाबत राही. शेवटी त्याने भंगारात निघालेली एक बस घेतली आणि तिचंच घर केलं. आत दोन पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. हौसेला मोल नाही म्हणतात, ते खोटं नाही. गाव तिला घरगाडी म्हणू लागलं.

त्याची बायको कलावती सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिची स्वतःची एक छोटी मोटार होती. त्या मोटारीतून ती वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करत फिरली होती आणि मोटारीवर तिचा फार जीव होता.

कलावतीची थोरली बहीण वत्सलाअक्का कोकणात, डोंगरावरच्या एका वाडीत एकटी राही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. भिंतीला हात लावल्याशिवाय तिला घरात हिंडता येत नसे. मोठ्या मुश्किलीने ऑपरेशनची तारीख मिळाली. आदल्या दिवशी जाऊन अक्काला आणायचं ठरलं. घरगाडीत तिला आडवं होऊन येता आलं असतं, पण वाडीची वाट इतकी अरुंद की घरगाडी तिथे शिरणार नव्हती, आणि अक्काचे गुडघे तिला रस्त्यापर्यंत उतरू देत नव्हते. म्हणून छोटी मोटार घरगाडीच्या मागे बांधून न्यायची आणि वाट आली की सोडायची, असा बेत झाला.

गजाबाने वेल्डरकडून एक मजबूत दांडा करून घेतला. निघायच्या सकाळी तो मोटार जोडायला बसला तेव्हा कलावती म्हणाली, "आवं, मीबी एकदा बघते."

"ह्यातलं तुला काय कळतंय? तू आत बस जा."

ज्या बाईने त्या मोटारीतून अर्धा तालुका पालथा घातला होता, ती मुकाट्याने आत जाऊन बसली.

गजाबाचं काम चोख होतं. त्याने दांडा जोडला, साखळ्या अडकवल्या, मागच्या दिव्यांची वायर लावली. मोटारीत बसून स्टिअरिंग मोकळं केलं, गिअर न्यूट्रलला आणला. मग तो उतरला, आणि उतरता उतरता त्याने हँडब्रेक ओढला. खरं तर त्याने नाही, त्याच्या हातानेच ओढला. हँडब्रेक लावल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही, ही त्याची जन्माची सवय. सवय चांगलीच होती. पण ही मोटार उभी राहणार नव्हती, तिला चालायचं होतं.

घरगाडी निघाली. तिचं इंजिन एवढं दांडगं, की मागे काही फरफटतंय हे गजाबाला जाणवलंच नाही. रस्त्यावरची माणसं ते चाकांवरचं घर बघून हात हलवत होती आणि गजाबा ऐटीत सगळ्यांना सलाम करत होता.

"मागनं कसला तरी आवाज येतोय," कलावती म्हणाली.

"साखळी वाजतीया."

घाट लागला. "आता रबर जळल्याचा वास येतोय. थांबा जरा, मी उतरून बघते."

"घाटात वास येणारच. गप बस."

बायकोचं न ऐकणं हा काही गुन्हा नाही, नाहीतर गावोगावी तुरुंग बांधावे लागले असते. पण एक मोटारसायकलवाला पुढे येऊन हातवारे करत मागे बोट दाखवू लागला, तर गजाबाने त्यालाही सलाम केला.

पुढच्याच वळणावर मोठा आवाज झाला. मोटार रस्त्यात आडवी झाली. मागचे दोन्ही टायर घासून फाटले होते, चाकांतून धूर निघत होता. गजाबा आधी वेल्डरवर चिडला, मग रस्त्यावर, मग कलावतीवर. मग त्याने मोटारीचं दार उघडलं. हँडब्रेक वर ओढलेला होता. तो कठड्यावर जाऊन बसला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

मोटार बाजूला घेऊन रस्ता मोकळा होईपर्यंत दिवस मावळला. वाडीची वाट चढायला आता काही नव्हतं. ऑपरेशन हुकलं. डॉक्टरांनी पुढचा महिना दिला. कलावतीने अक्काला फोन केला.

अक्का म्हणाली, "राहू दे गं. त्यांना बोलू नकोस. मला काय, अंधाराची सवय झालीय."

शेजारी बसलेल्या गजाबाला ते ऐकू आलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली.

कलावतीने त्याला पाणी दिलं. ती रागावली नाही, पण विचारायचं ते तिने विचारलं. "एसटीत कंडक्टरनं एक घंटी दिली, की तुम्ही गाडी थांबवत होता. कधी विचारलं का, का म्हणून?"

"न्हाई."

"मग मी एवढ्यांदा सांगितलं, त्याचं काय?"



महिन्याने मोटार दुरुस्त होऊन आली. गजाबाने घरगाडीत एक घंटी बसवली आणि तिची दोरी कलावतीच्या खिडकीशी आणून बांधली. या खेपेला मोटार दोघांनी मिळून जोडली. घाटात एकदा घंटी वाजली. गजाबाने गाडी कडेला घेतली आणि काही न विचारता बसून राहिला. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. कलावतीने उतरून मोटारीच्या एकेका चाकाला हात लावून पाहिला, परत चढली आणि निघायच्या दोन घंट्या दिल्या.

दुपारी अक्का मोटारीतून वाडी उतरून घरगाडीत आली. चाचपडताना तिच्या हाताला दोरी लागली. "ही कशाची गं?"

"ह्यांना ऐकू यावं म्हणून बांधलीय," कलावती म्हणाली.

 दोन घंट्या होईपर्यंत गजाबा थांबला, मग त्याने गाडी सोडली, आणि अक्का वेळेवर दवाखान्यात पोचली.

तात्पर्य: ओढणाऱ्याला मागच्याची फरफट कळत नाही, म्हणून कुणाला आपल्यामागे न्यायचं असेल, तर त्याच्या एका हाकेवर थांबायची तयारी ठेवूनच निघावं.