रानवडीच्या घाटातली वाकडी टेकण

रानवडीचा घाट अर्धा चढून आलं की वाटेच्या कडेला एक भिंत लागते. ती कुठल्या शेताची नाही, घराची नाही, किल्ल्याची तर नाहीच. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आणि वरची कड अशी खालीवर झालेली, की गवंड्यानं पाहिली तर कपाळावर हात मारावा. पाहुणे हमखास विचारतात, ही भिंत कोणी ढासळवली? गावातली म्हातारी माणसं हसून सांगतात, ढासळलेली नाही बाबांनो, ती बांधलीच तशी. तिला टेकण म्हणतात. धुरपदेची टेकण.

फार जुनी गोष्ट. तेव्हा घाटात गाडीरस्ता नव्हता, पायवाट होती. गाव वर पठारावर आणि बाजार खाली पिंपळतळाला. बाजाराच्या दिवशी बाया लाकडाचे भारे घेऊन उतरायच्या आणि येताना मीठ, दाणे, गूळ असं सगळं डोक्यावर घेऊन चढायच्या. बापे बैलांबरोबर मागून यायचे, कारण बैलांना सांभाळून चढवावं लागतं. बायांना कोण सांभाळणार, त्यांना आपले पाय होते.

आता डोक्यावरच्या ओझ्याचं एक आहे. उतरवता एकटीला येतं, पण चढवायला दुसरीचा हात लागतो. म्हणून घाटात कोणी बाई ओझं खाली ठेवायचीच नाही. छाती भरून आली तरी चालत राहायची. यावरूनच या भागात एक रीत पडली होती, म्हणे. ओझ्याला कोणी हात मागितला तर नाही म्हणायचं नाही. मागणारी भावकीतल्या भांडणातली असो, जातीची असो वा नसो, हात द्यायचा आणि मगच पुढं जायचं. रीत चांगलीच होती, पण हात द्यायला वाटेवर कोणी असायला तर हवं.

धुरपदेची धाकटी जाऊ तुळसा एकदा अशीच मागं राहिली. पोटुशी होती, दिवस भरत आले होते. धुरपदा त्या दिवशी तापानं घरी पडली होती. तुळसेला चढवेना, तिनं दाण्याचं गाठोडं भुईला टेकलं. बराच वेळ वाट पाहिली. कोणी येईना, तेव्हा तिनं ते एकटीनंच उचललं. घरी आली ती पोटात कळा घेऊनच, आणि मूल गेलं.

लोक हळहळले, आणि लोकांचं काय, दोन दिवस हळहळतात. धुरपदेला मात्र घास गोड लागेना. ती बुटकीशी, काळीसावळी, फार न बोलणारी बाई होती. सारवताना भिंतीवर बोटांनी मोर काढायची, फाटक्या लुगड्याच्या काठांतून पोरांच्या टोपड्यांना नक्षी करायची. हातात कला होती आणि डोक्यात सतत काहीतरी चालू असायचं. ती घाटातल्या देवीच्या, घाटजाईच्या ठाण्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आई, माझ्या जावंला पुन्हा दिवस गेलं तर तिचं ओझं भुईला टेकू देनार न्हाई. तवर माझ्या डोईवर दर बाजाराला एक धोंडा."

नवस लोक नारळाचा करतात, चोळीखणाचा करतात. हिनं धोंड्याचा केला. घाटाचा तो भाग नुसत्या लाल मुरमाचा, हाताला येईल असा दगड तिथं मिळत नाही. धुरपदा तळाच्या ओढ्यातून एक धोंडा उचलायची, मिठाच्या गाठोड्यावर ठेवायची आणि अर्ध्या घाटात आणून रचायची. बाया म्हणायच्या, "धुरपदे, सासरचं ओझं कमी पडलं व्हय गं?" ती हसायची आणि चालू लागायची. तिची युक्ती साधी होती. भिंत कानाच्या पाळीला येईल एवढी उंच हवी. बाईनं शेजारी उभं राहून जरा गुडघे वाकवले की ओझं आपोआप भिंतीवर सरकतं. निघताना पुन्हा वाकून डोकं खाली घालायचं आणि उभं राहायचं. कुणाचा हात लागत नाही, कुणाची वाट पाहावी लागत नाही.

भिंत झाली तेव्हा तुळसेला पुन्हा दिवस गेले होते. धुरपदा तिला मोठ्या हौसेनं टेकणीपाशी घेऊन आली. पण तुळसा होती ताडमाड. ओझं भिंतीवर न्यायला ती इतकी वाकली की तोल गेला आणि सगळं मीठ मुरमात सांडलं. धुरपदा डोक्याला हात लावून मटकन खाली बसली. "आगं बया, म्या माझ्याच कानाचं माप धरलं की!" तुळसेला हसू आवरेना. मूल गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, असं सांगतात.

ते हसू गावभर झालं आणि त्यानं एक बरं केलं. बाया भिंत बघायला थांबू लागल्या. जिच्या कानाला ती बरोबर यायची ती ओझं टेकून घाम पुसायची. जिला बसायची नाही ती दुसऱ्या बाजाराला स्वतःचा धोंडा घेऊन यायची. भिंत लांबत चालली.

तेव्हा दौलतराव पाटलांच्या डोळ्यांत ती खुपली. माणूस वाईट नव्हता, पण गावात त्यांना न विचारता पानही हलू नये अशी त्यांची समजूत होती. बैलांच्या गोणी भिंतीला घासतात, आणि देवीच्या वाटेवर बायकांनी बांधकाम करणं शास्त्रात नाही, असं ते म्हणाले. कुठल्या शास्त्रात, ते कोणी विचारलं नाही. गड्यांनी एका सकाळी सगळे दगड दरीत लोटले. पुन्हा ओढ्यात जाऊन पडले ते.

धुरपदा रडली, पण चुलीपाशी आणि एकटीच. पुढच्या बाजाराला बाया ओझी घेऊन चढू लागल्या. धुरपदा सगळ्यांत पुढं होती आणि तिच्यामागं तुळसा, पोट आता चांगलंच दिसत होतं. भिंतीच्या जागेवर येऊन धुरपदा थांबली. मागच्या सगळ्या थांबल्या. वाट एकच बैल जाईल एवढी, त्यामुळं मागं बैल अडले आणि बैलांमागं पाटील अडले.

"काय झालं? चला की!" पाटील ओरडत पुढं आले.

"दम लागलाय, पाटीलबाबा. टेकायचंय," धुरपदा म्हणाली.

"मग टेका!"

"टेकू की. पर भुईला टेकलं तर उचलू कोन लागंल? आमी हात मागतोय. तुमीच द्या."

हात मागितला होता. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ती रीत पाटलांच्या आज्यापणज्यांनीही पाळलेली. पाटलांनी पागोटं सावरलं आणि धुरपदेचं गाठोडं उतरवलं. मग तुळसेचं उतरवलं. मग तिच्या मागचीचं. रांग कितीतरी लांब होती. सगळी ओझी उतरवून झाली तेव्हा बाया निवांत बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग उठून पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या, कारण आता ती चढवायची होती. पाटलांचा सदरा भिजून पाठीला चिकटला. शेवटी तुळसेचं गाठोडं त्यांनी गुडघ्यापर्यंत उचललं आणि पुन्हा खाली टेकवलं.

"एवढं वझं? ह्या दिसांत?" त्यांनी विचारलं.

"आज कमीच हाय, बाबा. आक्कानं अर्धं तिच्याकडं घेतलंय," तुळसा म्हणाली.

पाटलांनी गाठोडं तुळसेच्या डोक्यावर न देता आपल्या बैलावर घातलं. मग पागोटं काढून गड्याच्या हातात दिलं आणि तसेच ओढ्याकडं उतरले. परत आले ते खांद्यावर धोंडा घेऊन. त्यांच्या मागोमाग बापे उतरले. दगड लोटायला जितका वेळ लागला होता त्याच्या कितीतरी पट वेळ ते वर आणायला लागला, आणि कोणी कुरकूर केली नाही.

यावेळी धुरपदेनं आपल्या कानाचं माप धरलं नाही. एकेका बाईला उभं करायची, हात आडवा धरायची आणि तिथवर दगड रचायची. बुटकीपाशी भिंत खाली, उंच बाईपाशी वर. म्हणून ती तशी वाकडी. मुसळधार पावसाळे गेले, दरडी कोसळल्या, भिंतीचा एक दगड हलला नाही. देवीनं भिंतीला आपली पाठ लावली म्हणून, असं गाव मानतं.

त्या वेळी भिंत पुरी होत आली, सगळ्यांची मापं झाली, हळदीकुंकू झालं. बाया निघणार तेवढ्यात तुळसा म्हणाली, "आक्का, तुजा कान कुटं हाय यात?"

धुरपदा गोंधळली. सगळ्यांची जागा करताना तिची स्वतःची राहूनच गेली होती. "ऱ्हाऊ दे गं, मी काय, कुटंबी टेकीन," ती म्हणाली.

"न्हाई ऱ्हायचं," तुळसा म्हणाली. तिनं जावेला हाताला धरून भिंतीशी उभं केलं आणि तिच्या कानाच्या पाळीशी शेवटचा धोंडा आपल्या हातानं बसवला. तेव्हा मात्र धुरपदा सगळ्यांदेखत रडली. पुढं तुळसेला मुलगी झाली, ठणठणीत. जावेच्या नवसाची म्हणून तिचं नाव घाटजाईच्या नावावरून ठेवलं.

आता घाटात डांबरी रस्ता आहे, जीप वर येते आणि मिठाचं ओझं कोणी वाहत नाही. पण आजही गावात नवी सून आली की तिला आधी टेकणीपाशी नेतात. सासू तिच्या कानाच्या मापाचा धोंडा बसवते. सासूचा तिच्या लग्नात बसलेला असतोच, पण वयानं माप उतरतं, म्हणून मग सुनेनं विचारायचं, "आणि आत्याबाई, तुमचा?" सासूनं नको नको म्हणायचं आणि सुनेनं ऐकायचं नाही. स्वतःचा धोंडा स्वतः लावायचा नाही, एवढा एकच नियम. लग्न करून आलेलीच पाहिजे असंही काही नाही. दवाखान्यात बदलून आलेल्या नर्सबाईंचा धोंडा आहे, शाळेतल्या बाईंचा आहे, आणि चुकून एक रात्र मुक्कामाला राहिलेल्या कुणा अनोळखी बाईचाही आहे.

तेव्हा रानवडीत कधी गेलात, आणि गावातली एखादी बाई तुमच्याशी बोलता बोलता सारखी तुमच्या कानाकडं बघू लागली, तर गैरसमज करून घेऊ नका. ती तुमच्या कुड्या बघत नसते. माप घेत असते.