मिशी, तुताऱ्या आणि तुळसाचं गाढव

महाराजांच्या मिशीला आग लागली!

आरती करताना महाराज निरांजनावर जरा जास्तच वाकले आणि तूप चोपडलेली डावी मिशी भुरूभुरू पेटली. शेजारी तांब्याभर पाणी होतं. पण उफराटगड संस्थानात सगळं कसं नियमाने चाले! आग लागली की संस्थानाच्या वेबसाईटवर जायचं, बंबखान्याचं पान उघडायचं आणि लाल बटण दाबायचं. चोपदाराने लगबगीने मोबाईल काढला. पान उघडलं आणि तुताऱ्या वाजू लागल्या!

"शत्रुदमन, दिग्गजभंजन, आमरसधुरंधर, श्रीमंत चंडप्रताप महाराज..."

बिरुदं संपेपर्यंत बटण काही दिसेना. ती संपली तेव्हा डावी मिशीही संपली होती.

"हा नियम कुणी केला?" महाराज गरजले.

"आपणच, महाराज," चोपदार म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

खरंच होतं ते. वेबसाईटच्या दरबारी कोडात, म्हणजे सगळ्या पानांना लागू असलेल्या मुख्य कोडात, महाराजांनी 'स्वागत' नावाचं फंक्शन बसवून घेतलं होतं. फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेला हुकूम. एकदा लिहून ठेवायचा, मग नुसतं नाव घेतलं की सुरू. संस्थानाचं कुठलंही पान उघडताना 'स्वागत' म्हणे आणि मागोमाग तुताऱ्या नि बिरुदं!

महाराजांनी दरबारी संगणकाचार्य विश्वंभरशास्त्रींना बोलावलं. "शास्त्रीबुवा, बंबखान्याचं पान तत्काळ उघडलं पाहिजे. पण आमच्या 'स्वागत'मध्ये काना-मात्रेचा फरक होता कामा नये! आणि त्या पानानेही 'स्वागत'च म्हणायचं. दुसरं नाव घेईल तो राजद्रोही!"

शास्त्रीबुवांनी शेंडीला गाठ मारली आणि त्याच दरबारी कोडाच्या शेवटी दुसरं 'स्वागत' लिहून टाकलं, गुपचूप दार उघडणारं. आता एकाच दरबारात एकाच नावाचे दोन हुकूम झाले, तर यंत्र शेवटचा ऐकतं. बंबखाना झटकन उघडला. पण खजिनाही मुकाट्याने उघडला, आणि टपालही, आणि तबेलाही! साऱ्या राज्यातून बिरुदं गायब! त्याहून वाईट म्हणजे, प्रजेतून एकही तक्रार आली नाही. बाजारात तर कुणीतरी पेढे वाटले.

"काढा या शास्त्र्याची धिंड! गाढव आणा!"

गाढव कुंभारवाड्यातून आलं. ते घेऊन आली सखाहरी कुंभाराची लेक तुळसा. तिला पाहताच शास्त्रीबुवांना कंठ फुटला. "महाराज, बंबखान्याचं पान हिच्याकडे आहे! दोष हिचा!"

तेही खरंच होतं. कुंभारांचा मडकी भाजायच्या आव्याशी, म्हणजे आगीशी रोजचा संबंध, म्हणून आगीचं खातं त्यांच्याकडे, असं दरबाराचं तर्कशास्त्र!

"असं?" महाराज उरलेली मिशी पिळत म्हणाले. "मग पोरी, सूर्य मावळायच्या आत तू हे जमव. नाहीतर याच गाढवावर, शास्त्रीबुवांच्या मागे तू!"

तुळसाने गाढवाकडे पाहिलं. आपल्याच गाढवावरून, तोंडाला काळं फासून, आपल्याच आळीतून? बापाला उद्या बाजारात मान वर करता आली नसती. मग तिला आला राग. चूक कुणाची नि गाढव कुणाचं! तिने शास्त्रीबुवांचं ठिगळ उसवलं, बंबखान्याचं पान उघडलं, थोडंसं काही लिहिलं आणि म्हणाली, "बघा म्हाराज."

महाराजांनी खजिना उघडला. तुताऱ्या! टपाल उघडलं. बिरुदं! बंबखाना उघडला, तर समोर लाल बटण! पुन्हा खजिना. पुन्हा तुताऱ्या!

"आणि हे पान 'स्वागत'च म्हणतं?"

"व्हय. आन् तुमच्या हुकमाला म्या बोटबी लावलं न्हाई."

शास्त्रीबुवांनी कोडात डोकं खुपसलं आणि किंचाळले, "महाराज, घात! हिने बंबखान्यात स्वतःचं 'स्वागत' लिहिलंय! राजाच्या हुकमाचं नाव आणि काम कुंभारणीचं! राजद्रोह!"

"म्हाराज," तुळसाने विचारलं, "तुमी दरबारात पाऊल टाकलं की स्वागत कसं हुतं?"

"तुताऱ्या! बिरुदं!"

"आन् राणीसरकारांच्या महालात?"

महाराज उरलेली मिशी चाचपू लागले. चोपदार छताकडे बघू लागला. पडद्याआडून राणीसरकारांचा आवाज आला, "सांगा की! मी म्हणते, 'अहो, आधी पाय धुवा!'"

"मग तुमी काय करता?"

"धुतो," महाराज पुटपुटले.

"म्हंजे स्वागत तितंबी हाय. पर त्याची रीत राणीसरकारांनी आपल्या उंबऱ्याआत आपली ठरवली. त्यानं दरबारातल्या तुताऱ्या बंद पडल्या?"

"हिंमत आहे कुणाची!"

"तसंच म्या केलं. बंबखान्याचा हुकूम बंबखान्याच्या उंबऱ्याआत लिवला. आतनं हाक मारली की आधी आतला हुकूम धावतो, भायेरच्याला पत्ताबी न्हाई. शास्त्रीबुवांनी महालातली रीत दरबारात आणून लावली, म्हनून समदं राज्य पाय धुवत बसलं! आता ह्यो राजद्रोह असंल, तर म्हाराज, गाढवावर आधी राणीसरकारांना बसवा. म्या मागं बसते!"

पडद्याआड बांगड्या वाजल्या. महाराजांनी पडद्याकडे पाहिलं, गाढवाकडे पाहिलं आणि असे खदखदून हसले की अर्धी मिशी नाचायला लागली!

"हरलो! पोरी, आजपासून संगणकाचार्य तू!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. "आणखी काय हवं ते माग!"

"आमच्या गाढवाला असल्या कामाला पुन्ना बोलवू नका. त्याला मडकी वाहायची सवय हाय. शास्त्री वाहिले की त्याची पाठ धरंल."

महाराज पुन्हा हसले आणि तेही कबूल केलं. गाढव कुंभारवाड्यात परत पोचवायचं काम तेवढं शास्त्रीबुवांकडे आलं. पायी!