धाकट्या खारीची दृष्ट

मला गोष्ट सांगायला लावणं म्हणजे बैलाकडे दूध मागणं. सकाळपासून सून मागे लागली आहे, "मामंजी, पोरं घरात बसून कंटाळलीत, काहीतरी सांगा त्यांना." कंटाळलीत तर बाहेर हाकला की. अंगण आहे, पार आहे, उड्या मारायला पडकं कुंपण आहे. पण नाही, म्हाताऱ्याला बसवा. माझी शाळा दुसरीत सुटली. खरं म्हणजे मास्तरच मला कंटाळले होते. तेव्हा माझ्या बोलण्यातल्या चुका कोणी काढायच्या नाहीत. मधे प्रश्नही विचारायचा नाही. विचारला तर मी उठलो.

एका जंगलात ओढ्याच्या काठावर एक जुना आंबा होता आणि त्याच्या दोन ढोल्यांत दोन खारी राहत. जावा जावा. वरच्या ढोलीत थोरली, खालच्या ढोलीत धाकटी. नवरे होते, पण खारीच्या नवऱ्याचं काय घेऊन बसलात, तो शेपूट उडवत कुठेतरी हिंडत असतो. थोरलीला मुलगा आणि धाकटीला मुलगी, दोघं एकाच हंगामातली. दोन जावांना एकाच वेळी पोर झालं म्हणजे घरात काय होतं, ते तुमच्या आयांना विचारा.

थोरलीचा पोरगा गुबगुबीत. गालांमुळे डोळे आत गेलेले, पोट असं की पाठीवरचे पट्टे फाकलेले. त्याच्या ढोलीच्या तोंडातून खाली ओढ्याचं पाणी दिसे आणि दिवसभर त्यावर ऊन चमचमे. पोरगा त्या चमचमीकडे आ वासून बघत बसे. आई त्या उघड्या तोंडात एकेक घास सारत राही. ओढ्यापलीकडे माणसं वनभोजनाला येत, त्यांनी टाकलेली बुंदी, शेव, चिक्कीचे तुकडे थोरली गोळा करून आणी. पाणी चमके, पोरगं गिळी. रडणं नाही, हट्ट नाही, फांदीवरून पडायची धास्ती नाही. "गुणाचं गं माझं ते," थोरली म्हणे.

धाकटीची पोर म्हणजे काटकी. उजाडलं की ढोलीबाहेर, मग बुंध्यापासून शेंड्यापर्यंत वरखाली, तिथून शेजारच्या जांभळीवर झेप. नाक खरचटलेलं, मिशा मोडलेल्या, शेपटीला चीक. जेवायला हाका मारून आईचा घसा बसे. दोन दाणे खाल्ले न खाल्ले की पुन्हा पसार.

रानातल्या बायका बाळं बघायला येत. वर जाऊन म्हणत, "बाळसं काय धरलंय हो." खाली येऊन म्हणत, "हिला खायला घालत नाहीस का गं?" बाळसं हा शब्द धाकटीला कुसळासारखा रुतला. बाहेर दिसत नाही, पण हलावं तिथे टोचतं. त्यात एक कावळीण होती, सगळ्या रानाची मावशी. तिने तर सरळ सांगितलं, "दृष्ट काढायची तर वरच्याची काढावी लागेल. हिच्यावर कोण डोळा ठेवणार?"

तेव्हापासून धाकटीचं लक्ष वर लागलं ते लागलंच. थोरलीने आज काय आणलं, पोराने किती खाल्लं, कोणत्या कुशीवर झोपलं, सगळं तिला ठाऊक. स्वतःच्या नवऱ्याने काय खाल्लं ते विचारलं असतं तर तिला आठवावं लागलं असतं. वरून चिक्की चावल्याचा आवाज आला की हिचेच दात शिवशिवत. एक दिवस तिला राहवलं नाही. पोर बाहेर निघाली होती, तिची शेपटी धरून तिने आत ओढली.

"बस इथे."

"आई, जांभळीवर सगळे वाट बघतायत."

"बघू देत. वरचा बघ, कसा राजासारखा बसतो."

"तो बसत नाही काही. त्याला उठता येत नाही."

खरं बोलल्याबद्दल पोरीने एक चापट खाल्ली.

पण नुसतं बसवून पोर बसेना. धाकटीने विचार केला, वरच्याला पाणी दिसतं म्हणून तो बसतो. तिच्या ढोलीला ओढ्याच्या बाजूला लाकडात एक गाठ होती. धाकटी ती गाठ कुरतडत बसली. दात दुखले, हिरड्यांतून रक्त आलं, पण शेवटी भोक पडलं आणि चमचम आत आली. पहिल्यांदा पोर चुळबुळली. मग तिचे डोळे तिथे खिळले. हळूहळू जांभळीवरून हाका आल्या तरी मान वळेना, आणि पुढे पुढे हाका यायच्याच बंद झाल्या. धाकटी पलीकडून बुंदी आणू लागली. थोरलीच्या आधी पोचायचं, मोठे दाणे आपण उचलायचे, लहान तिला ठेवायचे. पोर गिळत राहिली. एक दिवस साळुंकी सहज म्हणाली, "हिनंही बाळसं धरलं की." त्या दिवशी धाकटीला आकाश ठेंगणं झालं. ती उगीचच वरच्या ढोलीसमोरून चार फेऱ्या मारून आली.

आणि मग वरच्याचं बिनसलं. बुंदीच्या वासाने ढोलीत मुंगळे शिरले, म्हणून थोरलीने पोराला वरच्या फांदीवर चढायला सांगितलं. जवळच होती फांदी. पोरगं अर्ध्यात थांबलं. आ वासलेला, पण पाण्याकडे बघायला नव्हे. छाती अशी उडत होती की बाहेरून दिसावी. शब्द फुटेना. थोरलीने रान डोक्यावर घेतलं. कावळीण आली, तिने बुंदीचा लाडूच्या लाडू पोरावरून उतरवला आणि मावशीच ती, खाऊन टाकला. चोच पुसत म्हणाली, "दृष्ट आहे. जवळच्याच कोणाची."

थोरलीने खाली बघितलं. "माझ्या पोराचे घास मोजतेस ते मला दिसत नाही असं वाटलं तुला? लागली शेवटी तुझी नजर. माझ्या पोराला खाल्लंस तू."

धाकटी मागे सरली. नजर होतीच तिची, रोजची होती. पोराला धाप लागलेली बघून तिला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. आता बघू कसं टिकतं बाळसं, असं वाटून गेलं. मग तिला स्वतःचीच किळस आली. त्या दिवसापासून ती मान खाली घालून चालू लागली. चुकून वर बघितलं आणि पोरगं मेलं तर? थोरलीने पोराला आणखी आत सरकवलं, दृष्ट लागलेलं पोर म्हणून दोन घास जास्त घातले. पोरगं काही सुधारेना.

मनातून धाकटीला वाटे, रान आपल्याला वाईट म्हणतंय तर म्हणू दे, पोर तर आपलीच आता देखणी. म्हणून तिने एका दुपारी पोरीला जांभळीवर मिरवायला काढलं. पोर फांदीच्या टोकाशी आली. पूर्वी ही झेप ती झोपेत घेई. आता नुसतीच अंतराकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात खारींचा चिक्‌चिकाट उठला. शिक्रा पक्षी झडप घालायला आला होता. पोरंसोरं वाऱ्यासारखी सालीआड गेली. धाकटीची पोर मागे वळली, चार पावलं धावली आणि उघड्या फांदीवर मटकन बसली.

"पळ."

"आई, पाय उचलत नाहीत."

धाकटी उलटी धावली, पोरीची मान तोंडात धरली आणि ओढत ढोलीत घुसली. धाकटीच्या शेपटीचा झुबका शिक्र्याच्या नखांत राहिला. बाकी सगळं आत आलं, हे नशीब. आत आल्यावर तिने पोरीच्या छातीला कान लावला. तीच धडधड. आ वासलेला, पांढऱ्या हिरड्या, फुटत नसलेला शब्द, हुबेहूब वरच्यासारखं.

दृष्ट. पण कोणाची? माझ्या पोरीवर कोण डोळा ठेवणार, हे कावळीणच म्हणाली होती. या रानात जळणारी एकच होती, आणि ती स्वतःच्या पोरीवर कशाला जळेल? धाकटी बसून विचार करू लागली. दोन्ही ढोल्यांत सारखं काय, ते तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तेच पाणी, तेच बसणं, तीच बुंदी. तिने एकेक करून सगळं वरून खाली आणलं होतं. धापसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिने सालीचा तुकडा आणून भोक बुजवलं आणि पोरीला बाहेर काढलं. थोडं चढ, थोडं थांब, पुन्हा चढ. पोर रडली, आईला बोलली, पण चढली. वर मात्र धाकटीने अवाक्षर काढलं नाही. का काढावं? आपली पोर पळेल, तिचा बसून राहील. शेवटी आपणच पुढे जाऊ. मत्सराला अशी सोन्याची संधी पुन्हा मिळत नाही.

असे काही दिवस गेले. एका सकाळी ती पोरीला हाका मारत होती तर वरून आवाज आला, "काकू, ती कुठे जाते?"

धाकटीने घाबरत घाबरत वर बघितलं. पोरगं ढोलीच्या तोंडाशी होतं. बोलतानाही मधे श्वास घेत होतं.

"जांभळीवर."

"जांभळीवर काय असतं?"

आंब्याला खेटून उभी असलेली जांभूळ त्याने कधी बघितलीच नव्हती. त्याच्या ढोलीतून फक्त पाणी दिसे. धाकटी वर चढली आणि थोरलीसमोर उभी राहिली.

"अक्का, नजर माझीच होती. जळत होते मी तुझ्यावर. पण नजरेने धाप लागत असती, तर माझ्या पोरीला कोणाची लागली?"

"तुझ्या पोरीला काय झालंय?"

"तुझ्या पोराला झालंय तेच. तुझं बघून मी तिला बसवलं, तुझं बघून भरवलं. त्या दिवशी शिक्रा आला तर तिला चार पावलं पळवेना."

थोरली फणकारली, "म्हणजे माझं चुकलं, हे सांगायला आलीस होय?"

"दोघींचं चुकलं. तू केलंस, मी चोरलं."

थोरलीने तिच्या तुटक्या शेपटीकडे बघितलं. ती शेपटी खोटं बोलत नव्हती. मग थोरलीने पोराला काखेत धरून फांदीवर आणून ठेवलं आणि त्याच्या पाठीला पाण्याची बाजू दिली.

पोरांनो, पोरगं दुसऱ्या दिवशी उड्या मारायला लागलं असं मी सांगणार नाही. मी खोटारडा नाही. पहिल्या दिवशी ते एका फांदीपर्यंत गेलं आणि आईला नाही नाही ते बोललं. बुंदीसाठी लोळण घेतली. धाकटीची पोर त्याला टोचत राही, "चल की रे दाद्या, तुला काय पालखी पाठवायची का?" कधी रडत, कधी चिडत तो फांदी-फांदीने पुढे सरकला. आणि जांभळं पिकली त्या सुमाराला त्याने झेप घेतली. फांदीवर पोटावर आपटला, पण फांदीवरच आपटला. वळून म्हणतो कसा, "काकू, इथून तर सगळंच दिसतं."

त्या दिवशी थोरली खालच्या ढोलीत उतरून आली. "तुझ्यावर आळ घेतला. चार जणांत बोलले मी. चुकलं माझं," म्हणाली, आणि चार जणांत तेही सांगून आली.

मग धाकटीचा मत्सर गेला का? छे, तो कुठला जातोय. आता वरच्याची झेप हिच्या पोरीपेक्षा बोटभर लांब पडली की धाकटीच्या पोटात दुखतं. मग ती पोरीला ढोसते, "मार अजून एक." जळायचंच असेल तर त्यावर जळावं. त्याने कोणाचं पोर आजारी पडत नाही.

तात्पर्य : पोराचं अंग किती भरलं ते बघू नये, त्याला धाप कधी लागते ते बघावं, आणि दुसऱ्याच्या पोराचं बाळसं बघून आपल्या पोराचे पाय बांधू नयेत. हिंडतं पोर, धडकं काळीज. एवढंच. उठा आता, पळा अंगणात. आणि जाता जाता एक सांगतो, चूक कबूल करायला खारीचं काळीज पुरलं. आमच्या आळीत मात्र एक जण आहे, स्वतःच्या नातवाला जिना चढताना धाप लागली तेव्हा माझ्या नजरेला चारचौघांत नावं ठेवणारा. तो नातू हल्ली माझ्या चिंचेच्या शेंड्यावर असतो. त्याचे आजोबा चूक कबूल करायला अजून आलेले नाहीत. त्या आजोबांचं नाव लपवायचं मला काही कारण नाही : केरबा मुळीक.