तांदळाएवढी चिप

फार मागची नाही, अलीकडचीच गोष्ट. एका लॅपटॉपच्या पोटात पडद्यावर चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड, त्याला गार ठेवणारा पंखा आणि तांदळाएवढी एक चिप राहत होती. कोणी किती जोरात धावायचं, हे सगळे नियम त्या चिपला पाठ होते.

"एवढीशी ही, आणि मला अडवते!" कार्ड रोज कुरकुरायचं.

एके दिवशी मालकीण शर्वाणीने चिपमधला कार्डाच्या वेगाचा आकडा पुसून भलामोठा आकडा लिहिला. कार्ड सुसाट सुटलं. पडद्यावर समुद्र उसळला, त्याचा थेंबन् थेंब वेगळा चमकू लागला. हे आपण केलं? कार्डाचा विश्वासच बसेना.

पण पंख्याचा वेग वाढवायला शर्वाणी विसरली होती. "अरे, थांब! मला याहून जोरात फिरता येत नाही!" पंखा ओरडला. कार्डाला मात्र थांबणं जमेना. अंगाची लाही लाही झाली, आता वितळणार, इतक्यात सगळीकडे अंधार पसरला.

शुद्धीवर येताच कार्डाने विचारलं, "मला वाचवलं कोणी?"

"मीच वीज तोडली," चिप म्हणाली. "फार तापलं की सगळं बंद, ही माझ्या नियमांतली शेवटची ओळ. ती मी कोणालाच पुसू देत नाही."

एवढ्याशा जिवात एवढी ताकद! कार्ड थक्क होऊन बघत राहिलं. मग हळूच म्हणालं, "चिपताई, आज किती धावू?"

"मला नको," चिप म्हणाली, "पंख्याला विचार."