सशाच्या घरी कुत्रा

सागाच्या एका जंगलात एक ससा राहत असे. राहत असे म्हणजे, मुलांनो, आपले म्हणायचे म्हणून. खरे पाहता तो कुठेच धड राहत नसे. सागाचे पान पडले की तो बीळ बदली. आता सागाचे पान केवढे मोठे असते ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि थंडी सरत आली की ती पाने दिवसभर पडत राहतात. एक पान धप्पकन पडले की ससा म्हणे, "चला, कोल्हाच असेल, इथं काही खरं नाही," आणि सशिणीला घेऊन पुढच्या झुडपाखाली नवे बीळ उकरायला लागे. सशीण मोठी समजूतदार, ती आपली निमूट त्याच्या मागून जाई.

पण त्या वर्षी सशिणीला पिल्ले व्हायची होती. नवे बीळ उकरून झाल्यावर तिने आत मऊ गवत अंथरले, आपल्याच पोटाचे केस उपटून त्यावर पसरले आणि दारात येऊन ती म्हणाली, "अहो, जरा ऐका. हे शेवटचं. पिल्लं इथंच होणार आणि इथंच वाढणार. पुन्हा बीळ बदलायची भाषा काढलीत, तर मी सरळ माहेरी जाईन. मग तुम्ही आणि तुमची भीती, दोघं मिळून हिंडा जंगलभर."

ससा चांगलाच चरकला. सशीण गमतीने बोलत नव्हती, हे त्याला तिच्या डोळ्यांवरून कळले. त्याला सशीण हवी होती, पिल्लेही हवी होती. पाने पडायला नको होती, एवढेच. पण ते झाडांना कोण सांगणार? विचार करकरून त्याचे डोके दुखायला लागले आणि शेवटी त्याने एक तोड काढली. "आपण कुत्रा पाळू," तो म्हणाला.

ही बातमी ऐकून मुंगूस हसता हसता उताणा पडला. "अरे, कुत्रा नुसता लांबून दिसला तरी तू धूम ठोकतोस," तो म्हणाला. "म्हणून तर," ससा म्हणाला, "ज्याला मी घाबरतो, त्याला कोल्हाही घाबरणारच." सशाचा हिशेब वरवर बरोबर वाटतो, नाही का? मलाही वाटला होता. थांबा जरा.

जंगलाच्या कडेला, जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथे एक ओसाड गोठा होता. त्यात एक म्हातारी म्हैस राहायची. अधूनमधून माणसे मोटारीतून तिथवर येत, दार उघडत, कुत्र्याला खाली उतरवत, दार लावून घेत आणि निघून जात. कुत्रा आपला मोटार दिसेनाशी होईपर्यंत शेपूट हलवत उभा. असे करणाऱ्यांना काय म्हणावे ते मी तुमच्यासमोर बोलत नाही, तुमचे कान अजून कोवळे आहेत. तर मग म्हैस पुढे होई आणि म्हणे, "चल बाबा, आत चल. तिकडं बघून काही उपयोग नाही." असे करता करता तिचा गोठा भरून गेला होता. आल्यागेल्या पाहुण्याच्या अंगावर जायचे नाही, एवढा एकच नियम तिथे होता, आणि म्हशीची शिंगे पाहून सगळे कुत्रे तो पाळत.

ज्याला कुत्रा हवा तो म्हैसमावशीकडे येई. येणारेही एकेक नमुने. माकडिणीने लांब केसांचा कुत्रा मागून नेला, कारण तिला दिवसभर उवा काढायला कुणीतरी हवेच असते. मोराने मुद्दाम शेपूट तुटलेला कुत्रा पसंत केला, म्हणजे पिसाऱ्याशी बरोबरी व्हायला नको. ते दोघे आज सुखात आहेत ही गोष्ट वेगळी.

ससा आला तो भीत भीत, गोठ्याच्या भिंतीला घासून. आत त्याला एक धिप्पाड काळा कुत्रा दिसला. "मावशी, ह्याचा आवाज कसा आहे?" त्याने विचारले. कुत्र्याला आनंद झाला. आपल्याविषयी कुणी काही विचारले, याचाच त्याला आनंद झाला, आणि तो असा भुंकला की पत्र्यावरची धूळ खाली आली. ससा कुठे गेला म्हणून म्हैस बघते, तर तो तिच्याच पोटाखाली. तिथूनच तो म्हणाला, "हाच."

"बघ हं," म्हैस म्हणाली, "तू आत्ता माझ्या पोटाखाली आहेस."

"म्हणूनच हाच," ससा म्हणाला.

काळा कुत्रा घरी आला आणि जीव तोडून राखण करू लागला. पान पडले की भों. खार पळाली की भों. वारा सुटला की विचारूच नका. आधी ससा एका पानाला एकदाच दचकत असे. आता पानाला एकदा दचके आणि त्यावरच्या भुंकण्याला पुन्हा एकदा. त्याची झोप गेली, चारा गोड लागेना, आणि एका सकाळी सशिणीने पाहिले तर तो झुडपापलीकडे गुपचूप नवे बीळ उकरत होता. तिने नुसती डोंगराकडे मान वळवली. तिचे माहेर त्याच बाजूला होते.

"थांब, मी ह्याला परत देऊन येतो," ससा घाईने म्हणाला. "मग मी कुठं जाणार नाही."

"पिल्लं होईपर्यंत थांबते," सशीण म्हणाली. "पुढचं मग बघू."

गोठ्याकडे जाताना काळा कुत्रा मान खाली घालून चालला होता. मग त्याने विचारले, "माझं काय चुकलं? मी कमी भुंकलो का?" सशाला असे काही वाटले की जमीन दुभंगली तर बरे. "नाही रे," तो म्हणाला, "तू छान भुंकलास." गोठ्यात पोचताच कुत्रा भिंतीकडे तोंड करून निजला.

म्हैस रवंथ करत होती. ती रवंथ थांबवून सशाकडे बघत राहिली. "निवडताना तू काय बघितलंस?" तिने विचारले.

"कोल्हा कुणाला घाबरेल ते."

"म्हणजे राहणार तुझ्या घरी, आणि निवडलास कोल्ह्याच्या पसंतीनं. शहाणाच आहेस. आता असं कर. उद्या सकाळी ये आणि इथं दिवसभर बस. कुत्री बघायची नाहीत, प्रश्न विचारायचे नाहीत. घरी जे करतोस ते इथं कर."

"मावशी, घरी मी घाबरतो," ससा खाली मान घालून म्हणाला.

"मग इथं घाबर," म्हैस म्हणाली आणि पुन्हा रवंथ करू लागली.

दुसऱ्या दिवशी ससा येऊन गोठ्याच्या कोपऱ्यात बसला. कुत्री येत, हुंगत, आणि हा नुसताच बसलाय म्हणून निघून जात. तो थोडे गवत खाई, कान चाटून साफ करी, मध्येच दचके. दुपारी सागाचे एक वाळके पान थेट पत्र्यावर पडले. केवढा आवाज झाला म्हणता! ससा उडी मारून गव्हाणीखाली शिरला. पण तिथे आधीच कुणीतरी होते. एक तांबूस, हडकुळा कुत्रा अंग चोरून बसला होता आणि असा थरथरत होता की त्याच्या अंगाखालचा भुसाही हलत होता.

"काय होतं ते?" कुत्र्याने विचारले. त्याचे दात वाजत होते. ती कडकड सशाने लगेच ओळखली. ओळखणारच, आजवर ती त्याच्याच तोंडात होती.

"पान," ससा म्हणाला. "सागाचं. पत्र्यावर पडलं म्हणून एवढं वाजलं."

"आणि ते टकटक?"

"तो सुतार पक्षी. त्याला दुसरं कामच नाही."

"आणि ती कुरकुर?"

"खार. शेंग फोडतेय. तिचे दात शिवशिवतात म्हणून ती काहीही फोडते." बोलता बोलता ससा स्वतःच थबकला. जंगलातला झाडून सारा आवाज त्याला ओळखता येत होता. जन्मभर ते लांब कान टवकारून त्याने केले काय होते दुसरे? पण पळायच्या घाईत आपण काय ऐकले हे त्याने कधी स्वतःलाच सांगितले नव्हते, आणि आजवर त्याला कुणी विचारलेही नव्हते.

"मला मोटारीतून उतरवलं ना," कुत्रा हळूच म्हणाला, "तेव्हापासून प्रत्येक आवाज मोटारीचाच वाटतो. आधी वाटायचं, मला न्यायला आले. आता वाटतं, आणखी लांब कुठंतरी नेऊन सोडतील." आणि त्याने आपली हनुवटी सशाच्या पायाजवळ जमिनीवर टेकली. त्याची थरथर थोडी कमी झाली होती. सशाचे मन भरून आले. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आले, की मधल्या वेळात आणखी पाने पडली आणि आपण पळायचे विसरूनच गेलो.

म्हशीने वाकून गव्हाणीखाली पाहिले. ससा म्हणाला, "मावशी, हा माझ्या काही उपयोगाचा नाही."

"नाहीच," म्हैस म्हणाली.

"ह्याला घरी नेऊ का?"

"मला काय विचारतोस? त्याला विचार."

तांबूस कुत्रा उत्तर देण्याइतका धीट नव्हता. पण ससा निघाला तेव्हा तो त्याच्या मागून निघाला. जाताना ससा काळ्या कुत्र्याजवळ थांबला आणि म्हणाला, "तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं." त्या काळ्याचीही काळजी करू नका. पुढच्याच आठवड्यात एक म्हातारा रानगवा त्याला घेऊन गेला. गव्याला कानांनी कमी ऐकू येई. कितीतरी वर्षांनी त्याला कुणाचे तरी बोलणे नीट ऐकू आले, आणि तो इतका खूश झाला की त्याने कुत्र्याला पुन्हा पुन्हा भुंकायला लावले.

सशिणीने तांबूस कुत्र्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "हा राखण करणार?"

"नाही," ससा म्हणाला. "हा घाबरतो."

"छान. एक होता, आता दोन झाले," सशीण म्हणाली. पण म्हणता म्हणता तिने दारापाशी आणखी गवत टाकले.

मग रोज असे होऊ लागले. आवाज झाला की कुत्रा सशाकडे बघे. ससा सांगे, "पान," नाहीतर "खार," नाहीतर "वारा." कुत्र्याचा त्याच्या शब्दावर पुरा विश्वास. आता समोरचा आपल्याकडे असा बघत असताना धूम ठोकणार कशी? सशाचे पाय शिवशिवत, पण तो बसून राही. बीळ तेच राहिले आणि त्याच बिळात सशिणीला पिल्ले झाली. अजून त्यांचे डोळेही उघडले नव्हते.

त्याच दिवशी संध्याकाळी, उजेड अजून पुरता गेला नव्हता तेव्हा, झुडपाकडून एक आवाज आला. एक हलके पाऊल. मग सगळे स्तब्ध. मग पुन्हा एक पाऊल. कुत्र्याने सशाकडे पाहिले. "पान?" त्याने विचारले.

सशाचे मागचे पाय उडी मारायला केव्हाच तयार झाले होते. एक झेप, की तो झाडीत दिसेनासा झाला असता. पण बिळात सशीण होती, आंधळी पिल्ले होती, आणि समोर हा विचारत होता.

"नाही," ससा म्हणाला. "हे पान नाही. हा कोल्हा आहे."

"मग पळायचं?"

"ह्याला घाबरायचं असतं. मीही घाबरलोय. पण आत पिल्लं आहेत, म्हणून आपण दारातच थांबायचं." आणि ससा बिळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. कुत्र्याने त्याचे पान मानले होते, वारा मानला होता, आता हेही मानले. तो लटपटत आला आणि सशाला अंग लावून उभा राहिला.

कोल्हा झुडपातून बाहेर आला. "काय ससेराव, आज घरीच?" तो म्हणाला. मग त्याने कुत्र्याकडे पाहिले. "आणि हा कोण? हा तर थरथरतोय."

"हो," ससा म्हणाला, "मीपण थरथरतोय. पण आम्ही इथून हलणार नाही."

त्यावर कुत्रा भुंकला. आवाज चिरकाच निघाला. मग तो दुसऱ्यांदा भुंकला, तो जरा बरा, आणि तिसऱ्या वेळी असा भुंकला की त्याचे त्यालाच नवल वाटले. गंमत म्हणजे ससा अजिबात दचकला नाही. कोल्हा विचारात पडला. शूर असेल तो अंगावर येतो, भित्रा असेल तो पळतो, हे त्याला माहीत होते. पण घाबरलेले असूनही जागचे न हलणारे त्याने कधी पाहिले नव्हते. असले लोक पुढे काय करतील याचा नेम नाही, असे म्हणून तो आल्या वाटेने निघून गेला.

बिळातून सशीण बाहेर आली. तिचे डोळे भरून आले होते. "चला, दोघंही आत या," ती म्हणाली. "पिल्लांना बाहेरून वारा लागतोय, दाराशी कुणीतरी मोठं आडवं निजायला हवं." तांबूस कुत्रा दाराशी आडवा झाला. पिल्ले चाचपडत त्याच्या पोटाच्या उबेला सरकली. त्याने श्वास रोखून धरला, आपल्या हलण्याने ती जागी होतील म्हणून. ससा त्याच्या पाठीला टेकून बसला, आणि बसल्या बसल्या त्याला गाढ झोप लागली.

तात्पर्य : सोबती घरी आणताना तो आपल्यासाठी काय करील एवढेच पाहू नये, आपण त्याच्यासाठी काय होऊ शकू हेही पाहावे. आपण ज्याचा आधार होतो, तोच बहुधा आपला आधार ठरतो.